खरमासातली गाडी

मावशीचा फोन आला की मी आधी खुर्ची ओढून बसून घेते. काशीच्या मंडळींना दोन मिनिटांत बोलणं आटोपता येत नाही. लग्न होऊन ती ब्रह्माघाटावरच्या मराठी घरात गेली, त्याला पन्नास वर्षं झाली. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात पेशवाईपासून आपली मराठी घरं आहेत. मावशीचं मराठी अजून चोख आहे, पण मधूनमधून त्यात बनारसी पान पडतंच. 2025 च्या डिसेंबरात तिचा असाच फोन आला. "अगं, घुटना धोका देतोय, आणि दादा गाडी घेतोय. तू ये. इथे हिशेब कळणारं कुणी नाही."

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. हिशेब त्याला चांगला कळतो, बँकेत आहे तो. मावशीचं म्हणणं निराळं होतं. घरात कुणाला घासाघीस करता येत नाही, हे तिला सांगायचं होतं. गाडीच्या पैशांत तिची तीन लाखांची मुदत ठेव मोडून घातली जाणार होती. ती ठेव मामंजींच्या पश्चात तिने एकटीने साठवलेली. तेव्हा मी गेले.

आता मंडळी, घासाघिशीचं एक गंमतशीर गणित आपल्या घरोघरी असतं. कोथिंबिरीच्या जुडीला पाच रुपये कमी करून घेणारी बाई आठ-दहा लाखांच्या गाडीच्या दुकानात गप्प बसते. समोर काचेचा दरवाजा, गार हवा, कॉफीचा कप, आणि टायवाला मुलगा. आपण मान डोलावतो. मला वाटतं, याचं मूळ जुनं आहे. प्रीमियर पद्मिनीसाठी आणि बजाजच्या स्कूटरसाठी आपल्या वडिलांनी वर्षानुवर्षं नंबर लावलेले. नंबर लागला की आनंद, आणि लागलेला नंबर विकायचा तर वर 'ऑन' मिळायचा. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, तिलाही रांगाच लागल्या. गाडी 'मिळते', आपण ती 'घेत' नाही, ही समजूत तेव्हाची. रांग केव्हाच संपली, पण दुकानात शिरताना आपण अजून रांगेतल्यासारखेच उभे असतो.

गाडी कुठली हवी याचा वाद मात्र मी पोचण्यापूर्वीच मिटला होता, आणि तो मिटवला मावशीच्या गुडघ्याने. दादाची मंडळी आता महमूरगंजला राहतात. तिथून व्यायामासाठी बीएचयूच्या सर सुंदरलाल रुग्णालयात जायचं, तर मावशीला ई-रिक्षात चढवणं ही दोन माणसांची कामगिरी. मित्राच्या लांबट, बुटक्या गाडीत तिला बसवून पाहिलं. बसली, पण उठता येईना. मग दादाने एका छोट्या एसयूव्हीत बसवलं. सीट बरोबर तिच्या कमरेच्या खाली, ना वाकायचं ना चढायचं. वाचकहो, घरात वयस्कर माणूस असेल तर सगळ्या माहितीपत्रकांआधी ही परीक्षा घ्या. त्या माणसालाच घेऊन जा आणि मागच्या सीटवर दोनदा बसवून उतरवा. मागच्या, कारण आजी पुढे बसत नसते.

ही 'छोटी एसयूव्ही' नावाची चीज मुळात आपल्या कर-कायद्यातून जन्माला आली आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या, म्हणजे पेट्रोलला 1200 आणि डिझेलला 1500 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आणलं. मग कारखानदारांनी उंच गाड्यांनाही चार मीटरांत बसवायला सुरुवात केली. 2009 मध्ये आपल्या चिंचवडच्या प्रीमियरने रिओ काढली, ती फारशी चालली नाही. 2013 ची इकोस्पोर्ट, 2016 ची ब्रेझा, 2017 ची नेक्सॉन यांनी मात्र बाजार फिरवला. नेक्सॉन पुण्याजवळच्या रांजणगावची आणि 2019 ची एक्सयूव्ही 300 नाशिकची, हे मी काशीत अभिमानाने सांगून घेतलं. 22 सप्टेंबर 2025 पासून या लहान गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्के झाला. त्याआधी उपकर धरून पेट्रोलला 29 आणि डिझेलला 31 टक्के पडत. म्हणजे किमती खाली आल्या होत्याच, आणि दुकानदार तीच घट 'आमची सवलत' म्हणून सांगायला विसरत नव्हते.

दादाने गल्ली टेपने मोजली होती. हे शहाणपण बनारसमध्येच सुचतं. माहितीपत्रकात गाडीची रुंदी दिलेली असते ती बहुधा आरसे सोडून. आरसे धरून मोजलं तर गाडी फाटकातून जेमतेम आत जात होती. ब्रह्माघाटाच्या जुन्या घराजवळ चारचाकी जायचा प्रश्नच नाही, तिथे दोन गाई समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. मी पोचले तेव्हा खरमास लागला होता. महाराष्ट्रात आपण या दिवसांना धनुर्मास म्हणतो आणि पहाटे उठून गरम खिचडी आणि बाजरीची भाकरी खातो. उत्तरेत सोळा डिसेंबरच्या सुमारास सूर्य धनु राशीत गेला की संक्रांतीपर्यंत शुभकार्य बंद. लग्न नाही, गृहप्रवेश नाही, आणि नवी गाडीही नाही. मार्चच्या मध्यापासून महिनाभर, सूर्य मीनेत असताना पुन्हा तेच. आता कॅलेंडर बघा. डिसेंबर म्हणजे वर्षअखेर, मार्च म्हणजे हिशेबाचं वर्ष संपणार. गाडीच्या दुकानाला ज्या दोन महिन्यांत आकडा पुरा करायचा असतो, नेमक्या त्याच दोन महिन्यांत इथलं गिऱ्हाईक पंचांग बघून घरी बसतं. दसऱ्या-धनत्रयोदशीला ज्या दुकानात उभं राहायला जागा नसते, तिथे आम्ही गेलो तेव्हा सात विक्रेते आणि आम्ही चार माणसं. कॉफी लगेच आली.

वहिनी खरमास पाळणाऱ्या. त्या म्हणाल्या, गाडी संक्रांतीनंतरच घरात येईल. दादा म्हणाला, मग सवलत जाईल. दोघांचंही बरोबर होतं. बहुतेक कंपन्या जानेवारीत किमती वाढवतात, आणि बुकिंगच्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं की गाडी ताब्यात देण्याच्या दिवशीची किंमत लागू होईल. ते बारीक अक्षर आम्ही चष्मा लावून वाचलं. तोडगा मावशीने काढला. घाटावरच्या ओळखीच्या गुरुजींना फोन लावला आणि विचारलं, नुसता कागद केला तर? गुरुजी हसून म्हणाले, कागदाला कसला आलाय खरमास, गाडी दारात कधी येते ते बघा. झालं. बिल डिसेंबरात, गाडी जानेवारीत.

टायवाल्या मुलाने कागद पुढे केला. बोलण्यात बनारसी गोडवा असा, की मी क्षणभर विरघळलेच. "माताजी, गाड़ी तो आप ही की है, पैसा आता रहेगा." शोरूम-किंमत 9 लाख 40 हजार. त्यावर वर्षअखेरीची सवलत 25 हजार, लाल पेनने गोल केलेली. खाली आरटीओचा कर, तो सरकारी. मग विमा 53 हजार, अ‍ॅक्सेसरीजचा संच 24 हजार, रंगावरचं कोटिंग 9 हजार, हँडलिंग साडेआठ हजार, वाढीव वॉरंटी 17 हजार. त्या लाल गोलाकडेच सगळे बघत होते. दादा म्हणू लागला, "पंचवीसचे तीस करा." मी त्याला टेबलाखालून पाय मारला.

भाव वरच्या ओळीत कमी करायचा नसतो, मंडळी. वरच्या ओळीतली किंमत कंपनीने ठरवलेली असते, तिथे विक्रेत्याचा हात मर्यादित. त्याची खरी कमाई खालच्या ओळींत. तिथे एकेक ओळ बोटाने दाखवायची आणि विचारायचं, हे कशाचं?

विम्यापासून सुरुवात केली. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, 1 सप्टेंबर 2018 पासून. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा वर्षाचाही चालतो, आणि तो कुणाकडून घ्यायचा हे गिऱ्हाईकाने ठरवायचं. दादाच्या मुलाने तिथेच बसून तीच गाडी, तीच विमा-रक्कम, तेच शून्य घसाऱ्याचं कलम घालून बाहेरचा भाव काढला. 37 हजार. मुलगा म्हणाला, "बाहर का लेंगे तो क्लेम में दिक्कत होगी." मी म्हटलं, हे जरा लिहून द्या. लिहून काही दिलं नाही. विमा आम्ही बाहेरून घेतला. मात्र एक लक्षात ठेवा, आकडे ताडताना विमा-रक्कम दोन्हीकडे सारखी आहे ना हे बघायचं. ती कमी धरून हप्ता स्वस्त दाखवणारेही असतात.

हँडलिंगचं मी विचारलं तर उत्तर आलं, गाडी गोदामातून इथे आणण्याचा खर्च. अहो, गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च धरूनच तर तिला शोरूम-किंमत म्हणतात. मी या रकमेची वेगळी, शिक्क्याची पावती मागितली. मॅनेजर आत जाऊन आले आणि ओळ खोडली गेली. अ‍ॅक्सेसरीजच्या संचात अत्तराची बाटली, उशा, दारांना चकचकीत पट्ट्या असलं बरंच काही होतं. आम्हाला हवे होते पायपुसणी-मॅट आणि चिखलपट्ट्या. ते बाजारात साडेतीन हजारांत झाले. कोटिंग नको म्हटलं. वाढीव वॉरंटी मात्र ठेवली. दादाला वाटत होतं तीही उडवावी. पण हल्लीच्या गाडीत इतकी विजेची यंत्रं असतात की चौथ्या वर्षी एखादा भाग गेला तर तेवढे पैसे सहज जातात. सगळंच खोडलं तर ती घासाघीस नव्हे, हट्ट झाला.

कर्जाच्या टेबलावर फार वेळ घालवला नाही, कारण दादा बँकेतला. तरी तिथल्या बाईंनी "सिर्फ सात परसेंट" म्हटल्यावर त्याचे कान टवकारले. सात टक्के फ्लॅट, म्हणजे पूर्ण रकमेवर पाचही वर्षं सारखं व्याज. आपण तर दर महिन्याला मुद्दल फेडत असतो. घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो. दर विचाराल तेव्हा हा एक शब्द आधी विचारा, फ्लॅट की घटता. आणि गाडी दहा लाखांच्या वर असेल तर बिलात एक टक्का आयकराची कपात दिसेल. तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना तो वळता होतो. पुष्कळ लोक तो सोडून देतात.

विमा, संच, हँडलिंग, कोटिंग मिळून 54 हजार वाचले होते. दादा खूश. मुलाने पेन काढलं, चेकबुक बाहेर आलं. तेव्हा दादाच्या मुलाने सहज विचारलं, "गाडीचा चासी नंबर?"

मिळेल, गाडी गोदामात आहे. गोदाम कुठे? दूर आहे. किती दूर? मग मॅनेजर आले, आज साहेब नाहीत म्हणाले. मला त्या गडबडीत काही कळलं नाही, पण मावशीला कळलं. ठठेरी बाजारात भांडी घेताना दुकानदार ठोका लागलेली बाजू आपल्याकडे ठेवतो, तशी ही चाल आहे, असं ती मला मराठीत म्हणाली. "गाडी बघितल्याशिवाय पैसा नाही."

दुसऱ्या दिवशी गोदामात गेलो. मोकळं मैदान, पत्र्याची भिंत, आत चाळीसेक गाड्या. आमच्या गाडीवर धुळीचा थर आणि कावळ्यांची नक्षी. दादाच्या मुलाने टायरवर वाकून पाहिलं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तिथे होतं 1725. सतरावा आठवडा म्हणजे एप्रिलची अखेर. मग कागद मागितले. विक्रीचा दाखला, ज्याला फॉर्म 21 म्हणतात, त्यात गाडी कुठल्या महिन्यात बनली ते लिहावं लागतं. गाडी मे 2025 ची निघाली. सात महिने उन्हापावसात उभी. आम्ही ती जानेवारी 2026 मध्ये घरी नेणार, आणि नोंदणी पुस्तकात कायमचं छापलं जाणार, निर्मिती मे 2025. पुढे विकायला काढली तर घेणारा वय तिथूनच मोजतो. पंधरा दिवसांची नवी गाडी कागदावर मागच्या वर्षाची.

फसवलं का? खरं सांगायचं तर कुणी खोटं बोललं नव्हतं. गाडी नवीच होती, कुणी वापरली नव्हती. आम्ही विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. दादा भयंकर चिडला, बुकिंगचे पैसे परत मागायला निघाला. वहिनींना वाटलं हा खरमासाचाच प्रताप. मी दोन वाटा मांडल्या. जानेवारीत बनलेली गाडी मागवायची, ती फेब्रुवारीत मिळेल, वाढलेल्या किमतीत. किंवा हीच घ्यायची, पण तिच्या वयाचा भाव ठरवून.

मावशी म्हणाली, "विकायची कधी आहे?" दादा म्हणाला, दहा-बारा वर्षं तरी नाही. "मग मे काय नि जानेवारी काय? दहा वर्षांनी कोण महिने मोजतंय? पण ते आपलं आपल्यात. त्याला कशाला सांगायचं?"

आणि ती आत जाऊन मॅनेजरसमोर बसली. काठी टेबलाला टेकवली. हिंदीत, अगदी शांतपणे म्हणाली, गाडी मे महिन्याची आहे, मग भाव डिसेंबरचा का? ते म्हणाले, माताजी, गाडी एकदम फ्रेश है. मावशी म्हणाली, मीही फ्रेश आहे, पण मला कुणी नवी म्हणत नाही. आजूबाजूचे सगळे हसले. मग तिने ऐंशी हजारांची सवलत मागितली. ते पस्तीसवर आले. ती उठते म्हणाली, आणि तिला उठायला खरंच पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कामाला आली. 55 हजारांवर सौदा तुटला. म्हणजे लाल गोलातल्या पंचविसावर आणखी तीस. शिवाय नवी बॅटरी, चारही टायर तपासून द्यायचे, आणि वॉरंटी विक्रीच्या तारखेपासूनच मोजली जाईल हे लेखी. वॉरंटी तशी तिथूनच मोजतात, पण इतके दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या बाबतीत कागद हाती असलेला बरा.

खालच्या ओळींतले 54 आणि हे वरचे 30, मिळून 84 हजार. मावशीच्या ठेवीतले तेवढे परत बँकेत गेले.

29 डिसेंबरला बिल झालं, चासी नंबर बिलावर घालून घेतला, त्याच नंबराचा फोटो गाडीवरून काढला. विमा आणि नोंदणी त्याच आठवड्यात. गाडी संक्रांतीपर्यंत शोरूममध्ये छपराखाली उभी राहील हेही लिहून घेतलं. विम्याचे पंधरा-सोळा दिवस उभ्या गाडीवर खर्च झाले, साधारण हजार रुपये. वहिनींच्या मुहूर्ताची ती किंमत, आणि मला ती महाग वाटली नाही. घरात दहा वर्षं कुणी म्हणणार नाही की तरी मी सांगत होते.

संक्रांतीनंतर गाडी आली तेव्हा मी पुण्याला परतले होते. ताबा घेताना दादाच्या मुलाने दिवसाउजेडी, सगळे दिवे आणि काचा तपासून, किलोमीटरचा आकडा बघून मगच सही केली. पाऊस-संध्याकाळी किंवा हारतुऱ्यांच्या गर्दीत गाडी घेतली की ओरखडा दुसऱ्या दिवशी दिसतो. पहिली फेरी ब्रह्माघाटाकडे. गाडी मैदागिनला ठेवली, तिथून पुढे मावशी काठी टेकत, भिंतीला हात लावत, थांबत थांबत जुन्या घरी गेली आणि कुलूप उघडून दिवा लावून आली. अडीच वर्षांनी.

रात्री फोनवर ती सांगत होती. त्या टायवाल्या मुलाचा फोन आला होता म्हणे. कंपनीकडून विचारणा होईल, सेवा कशी वाटली म्हणून, माताजी दहापैकी दहा सांगा, आमच्या नोकरीचा सवाल असतो.

"मग काय सांगितलंस?"

"नऊ. पोरगं गोड आहे गं, पण एक गुण मे महिन्याचा कापला."